व्याधि आणि दौर्मनस्य

थोरले माधवराव पेशवे आपल्या अखेरच्या दुखण्यांत शनिवारवाडा सोडून थेऊरास गणपतीपाशीं जाऊन राहिले आणि १७७२ च्या नोव्हेंबरच्या १८ व्या तारखेस, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षीं, तेथेंच त्यांनीं देह ठेवला, ही हकीकत मराठी वाचकांस नवी नाहीं. राजयक्ष्म्यावर त्या काळीं जे उपचार ठाऊक होते ते वाड्यांतही होऊं शकत होते; पेशव्यांस वैद्यांची वाण नव्हती. मग थेऊर कशासाठीं? भाविकपणा हें उत्तर खरें आहे, पण अपुरें आहे. वाड्यांत रोग्याच्या उशाशीं दरबार होता, कर्जाची विवंचना होती, चुलत्याचें प्रकरण होतें. थेऊरास नदी होती, देऊळ होतें आणि मन ठेवावयास एक जागा होती. रोगास औषध पाहिजे तसें रोग्याच्या मनासही कांहीं पाहिजे, आणि या दोन गरजा एक नव्हेत, हें त्या जाणत्या पुरुषास उमगलें असावें असें मला वाटतें.

ज्या पेठेच्या एका अंगास तो वाडा आहे, तिच्याच दुसऱ्या अंगास मुठेच्या कांठीं ओंकारेश्वर आहे. पेशव्यांच्या पूर्वीं मुर्तुजाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शनिवार पेठेंतील माणसांस ओंकारेश्वराच्या नांवाचा आणखी एक अर्थ ठाऊक असे. पूर्वीं दहनाची जागा तेथेंच असल्यामुळें घरांतील वडील माणसें हें नांव दिवेलागणीच्या वेळीं सहसा उच्चारीत नसत. दुसराही एक शब्द या वाड्यांतून उच्चारला जात नसे, तो म्हणजे कर्करोग. "त्यांना तें झालंय," एवढेंच बोलणारा बोले आणि ऐकणारा समजे. रोग्यास मात्र कांहीं समजलें नाहीं असें सर्वांनीं धरून चालावयाचें, आणि रोग्यानेंही आपणांस समजलें नाहीं असें दाखवावयाचें, असा हा दोन्हीं बाजूंनीं चाललेला अबोला होता.

आमच्या घरीं हा प्रसंग माझ्या काकूंवर आला. त्याला आतां तीस वर्षें होऊन गेलीं. छातींत गांठ असल्याचें कळल्यावर डॉक्टरांनीं तत्काळ शस्त्रक्रिया सांगितली. पण त्याच आठवड्यांत एका गृहस्थांनीं घरीं येऊन, आसनें आणि प्राणायाम यांनीं असल्या गांठी विरघळतात, कापाकापीची गरज नाहीं, असें मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें. त्यांत चार महिने गेले. गांठ विरघळली नाहीं. शस्त्रक्रिया झाली ती उशिरां झाली. पुढें त्याच काकूंना एका वृद्ध शिक्षिकेनें, कसलेंही आश्वासन न देतां, पाठीखालीं लोड घेऊन निजावयास आणि उच्छ्वास लांबवावयास शिकविलें, आणि त्या शिक्षणाचा त्यांना शेवटपर्यंत आधार झाला. एकाच विद्येनें एका हातानें घात केला आणि दुसऱ्या हातानें धीर दिला, हें कोडें तेव्हांपासून माझ्या मनांत आहे. त्याचा माग काढतां काढतां मी जुन्या ग्रंथांपाशीं गेलों आणि तेथून परत पुण्याच्याच आसपास आलों.

आधीं शब्द पाहूं. कर्करोग हा शब्द संस्कृत दिसतो, पण तो आपल्या वैद्यकांतला नव्हे. ग्रीक वैद्यांनीं या गांठींस खेंकड्याचें नांव दिलें, लॅटिनांनीं तें उचललें आणि आपण त्या लॅटिन शब्दाचें भाषांतर केलें. आपल्या वैद्यांचा शब्द अर्बुद. सुश्रुतानें अर्बुदाच्या जाती सांगितल्या आहेत. एका अर्बुदावर दुसरें उठतें त्यास त्यानें अध्यर्बुद हें निराळें नांवही दिलें आहे. चिकित्सेच्या प्रकरणांत तर तो असें बजावतो कीं, अर्बुद काढावयाचें तें निःशेष काढावें. त्याचा अंश मागें राहिला तर तें पुन्हां वाढतें आणि अग्नीप्रमाणें किंवा विषाप्रमाणें मनुष्यास मारतें. शस्त्रक्रिया ही परक्यांची आणि योग हा आपला, असें म्हणणाऱ्यांनीं सुश्रुताचें हें प्रकरण एकदां अवश्य उघडावें. शस्त्रही आपलेंच आहे.

पश्चिमेकडे दुसऱ्या शतकांत गॅलन या वैद्यानें या रोगाचें कारण काळें पित्त हें ठरविलें. आणि खिन्नतेचें कारणही त्याच्या मतें हेंच काळें पित्त. म्हणजे जो खिन्न तो या रोगाचा धनी, अशी समजूत तेथें रुजली आणि काळ्या पित्ताची कल्पना मोडीत निघाल्यावरही ती गेली नाहीं. आपल्याकडे चरकानें शरीराचे दोष आणि मनाचे दोष यांच्या चिकित्सा प्रथमपासूनच वेगळ्या मांडल्या. शरीरास दैवी उपाय आणि युक्तीनें योजलेलीं औषधें; मनास ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृति आणि समाधि. या पांचांत धैर्याच्या जोडीला स्मृति बसविली आहे ही गोष्ट मला फार मार्मिक वाटते. भयभीत मनुष्य पहिल्यानें जर कांहीं विसरत असेल तर तो स्वतःस विसरतो. आपण कोण होतों, काय करीत होतों, आपणांस काय आवडत होतें, याचें त्याला भान उरत नाहीं.

पतंजलीचें तर या विषयांतलें निरीक्षण असें आहे कीं, तें आजच्या रुग्णालयाच्या भिंतीवर लिहावें. चित्ताला विक्षेप करणारे नऊ अंतराय तो मोजतो, आणि त्यांत पहिला क्रमांक व्याधीचा आहे. संशय, आलस्य, भ्रांतिदर्शन इत्यादि त्याच्या मागून येतात. या विक्षेपांबरोबर येणाऱ्या चार सोबत्यांचीं नांवेंही तो देतो: दुःख, दौर्मनस्य, अंगाचा कंप आणि श्वासप्रश्वासाची अव्यवस्था. व्यासांनीं दौर्मनस्याचा अर्थ, इच्छेस अडथळा आल्यामुळें होणारा मनाचा क्षोभ, असा केला आहे. कर्करोगाचें निदान कानावर पडलेल्या माणसास ज्यांनीं जवळून पाहिलें आहे त्यांना हीं चारही लक्षणें ओळखीचीं वाटतील. मुलीचें लग्न, अर्धवट राहिलेलें घर, ठरलेली यात्रा, या सर्वांस एका दिवसांत अडसर बसतो. हात कांपूं लागतात. श्वास छातींतच अडकतो. यावर पतंजलि जे उपाय सांगतो ते सारे चित्ताचे आहेत. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा यांची भावना करावी, श्वास बाहेर सोडून कांहींसा रोखावा, मन एखाद्या शांत आलंबनावर ठेवावें. गांठ विरघळविण्याची भाषा तेथें नाहीं.

ती भाषा पुढें हठयोगाच्या ग्रंथांत आली. हठप्रदीपिकेच्या पहिल्याच उपदेशांत लागोपाठ दोन आसनें येतात. मयूरासनाची स्तुति करतांना ग्रंथकार म्हणतो कीं, त्यानें गुल्म, उदर आदिकरून सर्व रोग त्वरित नाहींसे होतात. आणि लगेच पुढें शवासनाविषयीं सांगतो कीं, तें थकवा हरण करतें आणि चित्तास विश्रांति देतें. माझ्या काकूंच्या घरीं आलेले गृहस्थ पहिल्या श्लोकाचे वारस होते आणि ती वृद्ध शिक्षिका दुसऱ्या श्लोकाची. दोघेही एकाच पानावरचे, हें विसरतां येत नाहीं.

येथून पुण्याच्या परिसरांत यावयाचें तर एकदम विसाव्या शतकांत यावें लागतें. मधल्या काळांत योग आपल्याकडे नव्हता असें नाहीं. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायांत तो आहे, मठांत होता, आणि मुंज झालेला प्रत्येक मुलगा संध्येंत नाक धरून प्राणायाम करीतच असे. पण पांढरपेशा गृहस्थाच्या मनांत योग म्हणजे गुहेंतील गुप्त विद्या, आणि योगी म्हणजे चमत्कार करणारा किंवा फसविणारा, असेंच चित्र होतें. तें पुसण्याचें काम मुख्यतः एका मराठी माणसानें केलें. जगन्नाथ गणेश गुणे हे १८८३ सालीं डभोईस जन्मले. बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यांत त्यांनीं शरीर कमावलें, अमळनेरास अध्यापन केलें, आणि नर्मदाकांठीं मालसर येथें परमहंस माधवदासजींपाशीं योग शिकले. स्वामी कुवलयानंद या नांवानें त्यांनीं १९२४ च्या ऑक्टोबरांत लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें आणि त्याच वर्षीं 'योगमीमांसा' हें त्रैमासिक सुरू केलें.

त्यांच्या कामाचा विशेष असा कीं, त्यांनीं गुरूकडून मिळालेली क्रिया क्ष-किरणांच्या यंत्रासमोर आणि पारा भरलेल्या दाबमापकासमोर उभी केली. उड्डियान आणि नौलि या क्रियांच्या वेळीं मोठ्या आंतड्यांतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षां खालीं उतरतो, असें त्यांना मोजमापांत आढळलें. या पोकळीस त्यांनीं आपल्या गुरूंचें नांव दिलें. आज हा प्रयोग कोणास किरकोळ वाटेल. पण त्यामागची वृत्ति किरकोळ नव्हती. पोथींत लिहिलें आहे म्हणून खरें असें न म्हणतां, मोजून पाहूं आणि जेवढें मोजलें तेवढेंच बोलूं, ही ती वृत्ति. गांधीजींनींही १९२७ सालीं आपल्या रक्तदाबासाठीं त्यांचा सल्ला घेतला होता आणि त्या पत्रव्यवहारांत शवासनाची चर्चा आहे.

कुवलयानंदांनीं डॉ. विनेकरांसमवेत लिहिलेलें योगोपचारावरचें इंग्रजी पुस्तक १९६३ सालीं केंद्र सरकारच्या आरोग्यखात्यानें प्रसिद्ध केलें. उपचाराचीं अंगें सांगतांना त्यांनीं पहिलें स्थान दिलें तें योग्य मनोवृत्तीच्या जोपासनेस. स्नायु, मज्जा आणि ग्रंथी यांना वळण लावणें तिच्या मागून, आणि आहार व मलशुद्धि त्यानंतर. आयुष्यभर आंतड्यांतील दाब मोजलेल्या माणसानें अखेर मनोवृत्तीला अग्रपूजेचा मान द्यावा, आणि तो देतांना पतंजलीच्या मैत्री-करुणेचा आधार घ्यावा, यांत मला त्यांच्या शास्त्रीय बुद्धीची खरी परिपक्वता दिसते.

लोणावळ्यास हें चाललें असतां पुण्यांत एक निराळाच प्रवाह येऊन मिळाला. १९३७ सालीं, बेळगांवचे सिव्हिल सर्जन डॉ. गोखले यांच्या खटपटीनें, डेक्कन जिमखान्यावर योगासनें शिकविण्यासाठीं म्हैसूरहून एक अठरा वर्षांचा तरुण आला. बोलावणें सहा महिन्यांचें होतें. त्या तरुणास मराठी येत नव्हतें आणि इंग्रजीही बेताचेंच होतें. हेच बेल्लूर कृष्णम्माचार सुंदरराज अय्यंगार. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत त्यांचा जन्म झाला आणि त्यांचें बाळपण हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांच्या तावडींत गेलें. ते सहा महिन्यांसाठीं आले आणि २०१४ च्या ऑगस्टांत, ९५ वर्षांचे होऊन, पुण्यांतच निवर्तले. शनिवार पेठेंतून लकडी पूल ओलांडला कीं जिमखाना. पण त्या काळीं ते अंतर केवळ पुलाचें नव्हतें. पेठेंतील माणूस व्यायामाला तालमींत जाई, आणि आसनांना फार तर पोटाच्या तक्रारीवरचा तोडगा मानी.

अय्यंगारांचा स्वभाव कडक, शिकविणें त्याहून कडक. त्यांच्या हातची थाप खाल्लेले शिष्य जगभर आहेत आणि ते ती अभिमानानें सांगतात. हा अभिमान मला कधीं फारसा समजला नाहीं. परंतु याच कडक माणसानें दुबळ्यांसाठीं जें केलें तें दुसऱ्या कोणीं केलें नव्हतें. ज्याला वांकतां येत नाहीं त्याच्या हाताखालीं त्यांनीं वीट ठेवली. ज्याला उभें राहवत नाहीं त्याच्यासाठीं भिंतींत दोर टांगला. ज्याला पाठ मागें टाकून छाती उघडण्याची शक्ति नाहीं त्याला खुर्चीवर किंवा लोडावर निजविलें. आसनासाठीं शरीर नव्हे, शरीरासाठीं आसन, असा हा उलटा हिशेब होता. पत्नीच्या १९७३ मधील निधनानंतर तिच्या नांवानें त्यांनीं शिवाजीनगर भागांत योगसंस्था उभी केली. ती १९७५ च्या जानेवारींत सुरू झाली, आणि तेथील उपचारवर्गांत हीं साधनें नित्याचीं झालीं. गंमत अशी कीं, लोड आणि तक्के हें तर पुणेरी दिवाणखान्याचें जुनें वैभव! ज्यांना टेकून वाड्यांतून पिढ्यान् पिढ्या गप्पा झाल्या आणि फडशा न पडणारे वाद झाले, तेच लोड अय्यंगारांच्या शिष्यशाखेमार्फत अमेरिकेपर्यंत गेले, आणि आधार घेऊन दीर्घकाळ विसावण्याच्या या पद्धतीस तेथें स्वतंत्र नांवही मिळालें.

तिकडे कर्करोगाच्या रोग्याभोंवतींचा अबोला सुटत होता. हा अबोला केवळ आमच्या वाड्यांचा नव्हता. अमेरिकेंत १९६१ सालीं डॉक्टरांना विचारलें असतां, शेंकडा सुमारें नव्वदांनीं, आपण रोग्यास या रोगाचें नांव सहसा सांगत नाहीं, असें उत्तर दिलें. १९७९ सालीं तोच प्रश्न विचारला तेव्हां शेंकडा सत्त्याण्णव डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. मधल्या काळांत उपचार सुधारले, रोगी अधिक दिवस जगूं लागले, आणि जगणाऱ्याच्या मनाचें काय करावयाचें हा प्रश्न उभा राहिला. न्यूयॉर्कच्या मोठ्या कर्करोग-रुग्णालयांत डॉ. जिमी हॉलंड या बाईंनीं १९७७ सालीं मानसोपचाराचा स्वतंत्र विभाग उभारला. भय, निद्रानाश आणि खिन्नता हीं या रोगाचींच अंगें असून तींही मोजलीं पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे, लेडी मेहेरबाई टाटांच्या १९३१ मधील रक्ताच्या कर्करोगानें झालेल्या मृत्यूनंतर ज्या संकल्पाचें बीज पडलें, तें टाटा रुग्णालय मुंबईंत १९४१ च्या फेब्रुवारींत उघडलें होतें. रोग्यांची रीघ एवढी कीं, मनाकडे पाहावयास तेथें सवड मिळणें कठीण.

जेव्हां मोजणें सुरू झालें तेव्हां पुण्याच्या पद्धतीचीही पाळी आली. कॅलिफोर्नियांत स्तनाच्या कर्करोगांतून उठलेल्या, पण थकवा न सोडणाऱ्या ३१ स्त्रियांचे दोन गट केले. एकास बारा आठवडे अय्यंगार-पद्धतीचीं, आधार घेऊन करावयाचीं आसनें. दुसऱ्यास तितकेच आठवडे आरोग्यावर व्याख्यानें. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत आसनें करणाऱ्यांचा थकवा स्पष्ट उतरला आणि तीन महिन्यांनींही तो उतरलेला राहिला. मात्र खिन्नता आणि ताण दोन्हीं गटांत कमी झाले! मला या प्रयोगांतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. व्याख्यानें ऐकणाऱ्या बायकाही आठवड्यास एकत्र जमत होत्या, एकमेकींस पाहत होत्या. तेवढ्यानेंही मनाचा भार हलका झाला. योगवर्गाच्या गुणांतील कांहीं वांटा योगाचा, आणि कांहीं वांटा वर्गाचा, असा हा हिशेब आहे. काकूंच्या वर्गांत शेवटीं होणाऱ्या चहाला मी पूर्वीं वेळेचा अपव्यय समजत असें. त्याबद्दल आतां मनांतल्या मनांत त्यांची क्षमा मागतों.

आणखीही प्रयोग झाले. २०१३ सालीं ४१० रोगमुक्तांवर केलेल्या एका अमेरिकन प्रयोगांत आठवड्यास दोनदां, चार आठवडे, सौम्य आसनें, श्वसन आणि विश्रांति यांचा अभ्यास दिला असतां झोंप सुधारली. बंगळूरच्या योगविद्यापीठांतील संशोधकांनीं उपचार चालू असतांनाच्या भीतीवर काम केलें. २०२३ सालीं कर्करोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संस्थेनें चिंता आणि खिन्नता यांसाठीं जीं मार्गदर्शक सूत्रें प्रसिद्ध केलीं, त्यांत ध्यानाभ्यासास अग्रस्थान देऊन स्तनाच्या कर्करोगाच्या रोग्यांसाठीं योगही सुचविला आहे. भाषा सावध आहे: देतां येईल, उपयोग होऊं शकेल, अशी. कुवलयानंदांना ती भाषा आवडली असती.

टाटा रुग्णालयानेंही स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० स्त्रियांवर दीर्घकाळ प्रयोग करून तो २०२२ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील परिषदेपुढें मांडला. या स्त्रियांचा नेहमींचा वैद्यकीय उपचार चालूच होता. त्याच्या जोडीस एका गटास योग होता. त्या वेळीं वृत्तपत्रांत पंधरा टक्क्यांचा आकडा ठळक अक्षरांत आला: योगानें रोग उलटण्याचा आणि मृत्यूचा धोका इतका घटतो, असा. मोजणाऱ्यांनीं तो तुलनेचा आकडा म्हणून दिला होता. वाचणाऱ्यांनीं, निदान माझ्या ओळखीच्या दोघातिघांनीं, तो योगानें कर्करोग बरा होतो असा वाचला. मयूरासनाचा श्लोक अजून जिवंत आहे, तो असा.

आणि त्याची किंमत पडते. अमेरिकेंत, आटोक्यांत असलेला कर्करोग झाला असतां रूढ उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या २८१ रोग्यांची, तशाच पण रूढ उपचार घेतलेल्या रोग्यांशीं तुलना करण्यांत आली. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, पहिल्यांचा मृत्यूचा धोका अडीचपट. स्तनाच्या कर्करोगांत तर पांचपटीहून अधिक. काकूंचे चार महिने त्या आकड्यांत नाहींत, पण त्यांची जात तीच.

दुसरी किंमत अशी कीं ती आकड्यांत सांपडत नाहीं. मन शांत ठेवल्यानें रोग जातो असें एकदां मानलें, कीं रोग न जाणें हा मनाचा अपराध ठरतो. स्वतः या रोगांतून गेलेल्या सुसान सोंटॅग या लेखिकेनें १९७८ सालीं याच समजुतीवर एक पुस्तक लिहून हत्यार उपसलें होतें. रोग हा रोग आहे, तो स्वभावाचा आरसा नव्हे, असा तिचा रोंख होता. गॅलनचें काळें पित्त अशा रीतीनें आपल्या योगवर्गांत शिरतें. रात्रीं झोंप न आलेली बाई सकाळीं म्हणते, "माझंच ध्यान नीट लागत नाहीं, म्हणून रिपोर्ट असा आला." मीं हें वाक्य स्वतःच्या कानांनीं ऐकलें आहे. आधींच दौर्मनस्य, त्यावर त्या दौर्मनस्याचें पाप! पतंजलीनें व्याधीस अंतराय म्हटलें, अपराध म्हटलें नाहीं.

काकूंच्या शिक्षिकेस हे ग्रंथ किती ठाऊक होते तें मीं कधीं विचारलें नाहीं. त्यांचा वर्ग आमच्याच पेठेंत, एका जुन्या वाड्याच्या माडीवर, सकाळीं भरे. पहिल्या दिवशीं त्यांनीं काकूंस डॉक्टरांचे कागद मागितले आणि ते चष्मा लावून सावकाश वाचले. ज्या बाजूची शस्त्रक्रिया झाली होती त्या हातावर भार देऊं नये, तो हात सुजूं लागला तर लगेच सांगावें. भस्त्रिका, कपालभाति यांच्या वाटेस जाऊं नये. किरणांच्या उपचारानें कातडी हुळहुळी असेपर्यंत ताण देऊं नये. रोग हाडांत गेला असेल तर पुढें वांकणें, पीळ देणें सर्वथा वर्ज्य. एवढ्या नकारांनंतर जें उरलें तें थोडें होतें. पाठीखालीं आडवा लोड, डोक्याखालीं घडी केलेलें घोंगडें, डोळ्यांवर मऊ पट्टी, गुडघ्यांखालीं उशी. श्वास जसा येईल तसा येऊं द्यावयाचा, आणि उच्छ्वास मात्र थोडा लांबवावयाचा. उच्छ्वासाबरोबर हृदयाची गति किंचित् मंदावते हें शरीरशास्त्र जाणतें. बाईंचें म्हणणें एवढेंच होतें कीं, सोडावयास शिका, घ्यावयाचें आपोआप होतें.

शवासन या नांवास काकूंनीं पहिल्याच दिवशीं हरकत घेतली. खिडकींतून ओंकारेश्वराच्या बाजूचीं झाडें दिसत होतीं. "बाई, या वयांत आणि या दुखण्यांत मला शव व्हायला सांगूं नका, दुसरं कांहीं नांव द्या." बाई हंसल्या नाहींत. "मग नुसतं निजा," म्हणाल्या, "नांवाचं आपण पुढं बघूं." त्यानंतर कित्येक महिने त्या वर्गांत त्या आसनाचें नांव 'निजणें' असेंच होतें, आणि इतर बायकाही तें म्हणूं लागल्या. एके दिवशीं काकूंनीं स्वतःच, बोलण्याच्या ओघांत, शवासन हा शब्द वापरला. कोणीं तिकडे लक्ष दिल्याचें दाखविलें नाहीं.

केमोथेरपीच्या दिवसांत काकूंना रात्रीचें भय वाटे. मळमळ आणि वेदना यांना औषध होतें. अडीच वाजतां जागें होऊन भिंतीकडे पाहत राहण्यास नव्हतें. त्या वेळीं त्या उठून, काकांना न उठवतां, मधल्या खोलींत लोड लावून पडत. मीं एकदां विचारलें, "काकू, याचा खरंच कांहीं उपयोग होतो का?" त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "अरे, दुखणं आहे तिथंच आहे. पण रात्र संपते."

शस्त्रक्रियेनंतर त्या सहा वर्षें जगल्या. उशीर झाला नसता तर किती जगल्या असत्या, हें डॉक्टरांनीं सांगितलें नाहीं आणि आम्हीं विचारलें नाहीं. शेवटच्या महिन्यांत आसनें अर्थातच सुटलीं. श्वास सुटला नाहीं तोंवर उच्छ्वास मोजणें मात्र चालूं होतें, आणि मोजतांना ओंठ हलत ते जपासारखे दिसत. वाडा पुढें पडला, त्या जागीं इमारत झाली. काकूंचा लोड माझ्याकडे आहे. त्यांतला कापूस मीं दोनदां पिंजाऱ्याकडून पिंजून घेतला, आणि गेल्या वर्षीं शेजारच्या एका बाईंनीं तो मागून नेला तेव्हां त्यावर नवा अभ्राही घातला.